डोळ्याचे शिक्षण

सातवीच्या वर्गात टेबलावर पितळेचा तांब्या मांडून तो समोर पाहून काढण्यास मुलांना सांगितले, म्हणजे पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच बहुतेक वह्यांवर एकच चूक एकाच जागी उमटलेली आढळते. तांब्याचे तोंड असते पुरते वाटोळे, आपण त्याच्यावर ओणवून आत डोकावत असावे तसे. आणि त्याच तांब्याचे बूड असते पट्टीने आखल्यासारखे सरळ, तो आपल्या डोळ्यांच्या रेषेत एखाद्या फडताळावर ठेवलेला असावा तसे. एकच वस्तू एकाच क्षणी दोन भिन्न स्थानांवरून पाहिल्याचा हा प्रकार ज्या मुलाच्या हातून घडतो, त्याची पेन्सिल अडखळलेली नसते, त्याच्या हाताला कंपही सुटलेला नसतो. रेषा ठाम आणि स्वच्छ असते. चूक हाताची नसतेच.

माझ्या अध्यापनाच्या काळात अशा एका मुलाला मी त्याच्या वर्तुळाविषयी विचारले, तेव्हा तो काहीशा आश्चर्याने म्हणाला, “सर, तांब्याचं तोंड गोलच असतं की!” त्याचे म्हणणे खरे होते. बूड सरळ का, तर तांब्या टेबलावर नीट बसला आहे आणि टेबल सपाट आहे. तेही खरे होते. म्हणजे त्याने तांब्या काढलाच नव्हता. तांब्याविषयी त्याला जे जे ठाऊक होते ते त्याने कागदावर नोंदवले होते. मी तांब्या उचलून त्याच्या डोळ्यांच्या अगदी समोर धरला, तेव्हा काठाची एक आडवी रेघ झाली. मग तो हळूहळू खाली आणू लागलो तशी ती रेघ मधोमध उमलू लागली, आधी किलकिल्या डोळ्याच्या फटीएवढी, मग त्याहून रुंद, आणि तांब्या त्याच्या पायाशी फरशीवर टेकला तेव्हा कुठे त्याच्या वहीतले ते पूर्ण वर्तुळ त्याला दिसले. तांब्या पुन्हा टेबलावर गेला. मुलाने एक डोळा मिटला, हात लांब करून पेन्सिल आडवी धरली आणि तोंडाची रुंदी किती, उघडीक किती, हे आयुष्यात प्रथमच मोजले. नंतर बुडाकडे पाहत तो बराच वेळ गप्प होता, आणि मी काही न विचारताच म्हणाला, “सर, बूड तर अजून खाली आहे. मग त्याचा बाक तोंडापेक्षा जास्त पाहिजे.”

माध्यमिक शाळेच्या खालच्या वर्गांत रेखाकला का शिकवावी, या प्रश्नाचे जे उत्तर माझ्यापाशी आहे ते सारे त्या वाक्यात आहे. त्या मुलाने आपल्या ज्ञानाला दृष्टीच्या पुराव्यासमोर उभे केले, ज्ञान अपुरे ठरले तेव्हा ते दुरुस्त केले, आणि दुरुस्त झालेल्या ज्ञानावरून, अद्याप न तपासलेल्या गोष्टीविषयी अनुमान बांधले. हीच क्रिया विज्ञानाच्या प्रयोगशाळेत घडली असती तर आपण तिला शास्त्रीय वृत्ती म्हणून गौरविले असते. चित्रकलेच्या वर्गात घडली म्हणून ती छंदाच्या खात्यावर जमा होते, आणि वार्षिक परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या शिक्षकांकडे बिनबोभाट वर्ग केला जातो.

अकरा ते चौदा या वयाविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण सारा घोटाळा या वयाचे स्वरूप न ओळखल्यामुळे झालेला आहे. पाच-सहा वर्षांचे मूल चित्र काढते ते बोलल्याप्रमाणे; आई घरापेक्षा मोठी झाली, गाईला पाच पाय झाले, तरी त्याला त्याची क्षिती नसते, कारण त्याला जे सांगायचे असते ते सांगून झालेले असते. दहाव्या-अकराव्या वर्षाच्या सुमारास मात्र एक पालट होतो. मुलाला आपले चित्र आणि जग यांच्यामधले अंतर दिसू लागते. त्याने काढलेला बैल बैलासारखा नाही, हे शेजारच्या मुलाने सांगण्यापूर्वीच त्याला स्वतःला कळलेले असते. ते कसे सुधारावे, हे मात्र कळत नाही. डोळा पुढे गेलेला असतो आणि हात मागे राहिलेला असतो. या अंतराची लाज वाटते, ती लाज झाकण्यासाठी खोडरबर कागद फाटेपर्यंत चालते, आणि एके दिवशी “मला चित्रकला येत नाही” हे वाक्य उच्चारून मूल त्या विषयातून कायमचे मोकळे होते. माझ्या परिचयातील अनेक विद्वान, कर्तबगार माणसे आज साठीतही जी मनुष्याकृती काढतात ती त्यांच्या बाराव्या वर्षाची आहे. त्यांच्या भाषेची वाढ झाली, गणिताची झाली, विचाराची झाली. दृष्टीची वाढ ज्या वर्षी खुंटली त्या वर्षावरच ती थांबून राहिली.

आता ज्या वयात मुलाला ‘येत नाही’ हे कळते, ते शिकवण्याचे वय आहे, हे सांगण्यासाठी शिक्षणशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नसावी. भागाकार येत नाही असे म्हणणाऱ्या मुलाला आपण, तुला उपजत अंग नाही, म्हणून सोडून देत नाही. पुन्हा बसवतो, पायरी पायरीने समजावतो. चित्रकलेच्या बाबतीत मात्र आपण तत्काळ दैवाला शरण जातो. वर्गातील दोन-तीन मुलांना ‘हात आहे’ असे ठरते, त्यांची नावे शासकीय रेखाकला परीक्षेला जातात, त्यांची चित्रे व्हरांड्यात लागतात, आणि उरलेली मुले त्या दोन-तिघांना पेन्सिलींना टोक काढून देण्याच्या कामी उरतात. असाधारण प्रतिभा उपजत असते हे मी मान्य करतो. परंतु तांब्याचे तोंड लंबवर्तुळ दिसते हे पाहण्यास प्रतिभा लागत नाही; ते दाखवणारा माणूस लागतो.

दाखवण्याऐवजी आपण काय देतो? एक निसर्गदृश्य देतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेतून उगवणारा किरणांसहित सूर्य, डोंगरातून निघून रुंदावत कागदाच्या तळाशी येणारी नदी, तिच्या काठी झोपडी, झोपडीशेजारी वाकलेले नारळाचे झाड, आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे उडणारे चार पक्षी. हे दृश्य रत्नागिरीच्या मुलाने काढले तर त्यातील निदान नारळ त्याच्या परसातला असतो. पण सोलापूर, लातूर, जालना या भागांत, जिथे क्षितिज एका सरळ रेषेत पसरलेले असते, जिथे उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगा ही डोळ्यांनी वाचावी अशी विलक्षण लिपी असते, जिथे बाभळीची सावली ही झाडापेक्षा अधिक रेखीव असते, तिथल्या मुलाच्या वहीतही तेच डोंगर आणि तोच नारळ असतो. त्याने ते कुठून आणले? आधीच्या मुलाच्या वहीतून. आणि त्या मुलाने त्याच्या आधीच्या. अशा रीतीने पिढ्यान् पिढ्या वहीतून वहीत उतरत आलेल्या या दृश्यात, कोणे एके काळी कोणीतरी प्रत्यक्ष पाहिलेला डोंगर असलाच, तर त्याचा मागमूसही आता उरलेला नाही. शिक्षक त्यावर ‘छान’ असा शेरा मारतो. तो शेरा मुलाच्या डोळ्याला मिळालेली दीर्घ मुदतीची रजा असते.

या नकलेचा उगम आपल्या मुलांच्या आळसात नाही. तो दफ्तरी आहे. लंडनमध्ये 1851 साली भरलेल्या महाप्रदर्शनानंतर, इंग्रजी कारखान्यांचा माल यंत्राने उत्कृष्ट पण रूपाने हिणकस ठरतो, अशी चिंता तेथील राज्यकर्त्यांना पडली, आणि हेन्री कोल, रिचर्ड रेडग्रेव्ह प्रभृतींनी साउथ केन्सिंग्टन येथून रेखाकलेच्या शिक्षणाची एक आखीव पद्धती सर्व देशभर लावून दिली. तिच्यात 23 पायऱ्या होत्या. उपकरणांच्या साहाय्याने रेषा, मग सपाट नमुन्यावरून बाह्यरेषा, मग छायांकन, मग प्लास्टरच्या साच्यांवरून अभ्यास, असा तो क्रम महिनोन् महिने चाले, आणि नव्या रचनेचा, म्हणजे संकल्पाचा, क्रम अगदी शेवटी लागे. तिथवर अर्थातच थोडे पोहोचत. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत 1857 साली जी कलाशाळा सुरू झाली, तिच्यावर आणि तिच्यामार्फत या प्रांताच्या शाळाखात्यावर या पद्धतीची छाया पडली. ज्या शिस्तीचा जन्म गिरण्यांना नक्षीकार मिळावेत या गरजेतून झाला, ती शिस्त मुलांच्या शिक्षणाचे तत्त्व म्हणून आपल्याकडे रुजली, आणि पुढे मूळ गरज विसरली गेली तरी शिरस्ता मात्र उरला.

येथे एका अन्यायापासून मी स्वतःस जपू इच्छितो. नक्कल ही सरसकट त्याज्य वस्तू आहे असे मी मानत नाही. त्याच कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स 1872 ते 1885 या काळात आपल्या भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत जात राहिले आणि तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत राहिले. तीही नक्कलच होती. परंतु अंधाऱ्या लेण्यात, अपुऱ्या उजेडात, पोपडे गेलेल्या भिंतीसमोर बसून, एका बोटाचे वळण कुठे सुरू होते आणि कुठे विरते हे शोधणाऱ्या विद्यार्थ्याला पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. जे पुसले गेले होते ते त्याला उरलेल्यावरून समजून घ्यावे लागत होते. मूळ कृतीसमोर बसून केलेली नक्कल हा एक प्रकारचा सहवास असतो. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शिकेतील चित्रावरून चित्र उतरवणे हा त्याच्या नेमका उलट व्यवहार होय: तेथे कोणी कोणाकडे पाहिलेले नसते.

नकलेला कंटाळून जे दुसऱ्या टोकास गेले त्यांच्याविषयी मला आदर आहे, तरी त्यांच्याशी माझा मतभेद आहे. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी 1897 मध्ये मुलांसाठी कलेचा वर्ग उघडला, आणि मुलाचे चित्र हे प्रौढाच्या चित्राची कच्ची आवृत्ती नसून त्याला त्याचे स्वतःचे सौंदर्य असते, हे जगाला पटवले. हे कार्य फार मोठे होते. त्यापुढे ‘मुलाला शिकवू नका, त्याला मोकळे सोडा’ असे जे सूत्र त्यातून काढले गेले, ते सहा वर्षांच्या मुलापुरते मला मान्य आहे. बारा वर्षांच्या मुलाला मोकळे सोडले तर तो त्या दोन डोंगरांकडेच परततो, कारण त्याच्यापाशी दुसरे काहीच नसते. ज्याला शब्द दोनशेच येतात त्याला वाटेल ते बोलण्याची मुभा दिली तरी तो दोनशे शब्दांच्या कुंपणातच फिरणार. शिक्षकाने अशा वेळी बाजूस होणे म्हणजे मुलाच्या स्वातंत्र्याचा मान राखणे नव्हे. त्याच्या अडचणीच्या वेळी त्याला एकटे टाकणे होय.

पुढे काही वर्षांनी इंग्लंडात मॅरियन रिचर्डसन नावाच्या एका शिक्षिकेने डडली येथील मुलींच्या शाळेत जो मार्ग काढला, तो मला अधिक जवळचा वाटतो. त्या मुलींना डोळे मिटण्यास सांगत, एखाद्या दृश्याचे शब्दांनी वर्णन करीत, आणि ते चित्र आत स्पष्ट उमटेपर्यंत हाती कुंचला घेऊ देत नसत. त्याहीपूर्वी पॅरिसमध्ये ओरास लकॉक द ब्वाबोद्रां यांनी स्मृतीच्या शिक्षणाची एक संपूर्ण पद्धतीच उभारली होती. वस्तू आधी दीर्घकाळ, बारकाईने पाहावी, मग ती दृष्टीआड करून काढावी, मग पुन्हा तपासावी, असा तिचा क्रम होता, आणि पुढे थोर शिल्पकार म्हणून गाजलेला रोदँ हा त्यांच्याच हाताखाली शिकला. आपल्या रेखाकला परीक्षांत ‘स्मरणचित्र’ नावाचा जो विषय आहे, त्याचा अर्थ या प्रकाशात वाचावा. स्मरण कशाचे? पाहिल्याचे. पण आपल्या वर्गांतून चालते ते पाठांतर: धावणारा माणूस असा, वाकलेली बाई अशी, फुगेवाला असा, आणि ‘जत्रा’ हा विषय आला की तिघांना एकत्र उभे करावयाचे. ज्या मुलाने गेल्याच पंधरवड्यात गावच्या जत्रेत आजोबांच्या खांद्यावरून पाळणा पाहिला, बत्तीच्या उजेडात रेवड्यांच्या राशी पाहिल्या, त्याच्या वहीतील जत्रेत यांतले काहीही नसते. परीक्षेस काय चालते ते त्याने ओळखलेले असते.

मराठीत ‘डिझाइन’ला संकल्पचित्र हा शब्द ज्या कोणी योजला, त्याने एक मोठा विचार आपल्या हाती ठेवला आहे, आणि आपण तो उघडून पाहिलेला नाही. संकल्प म्हणजे निश्चय. पूजेच्या आरंभी हातावर पाणी घेऊन माणूस देश-काल उच्चारतो, आपण कोण आहोत, कोठे आहोत, काय करणार आहोत आणि कशासाठी, हे सांगतो, आणि मगच कृतीस लागतो; तोच संकल्प. वस्तूची रचना करणाऱ्यालाही नेमक्या याच प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: कोणासाठी, कोठे, कशाने, किती जागेत. यांतला एकही प्रश्न न विचारता, एक वर्तुळ आखून त्याचे आठ भाग करणे, एका भागात पुस्तकातील फूल-पान बसवणे, ते आठदा उतरवणे आणि पाठ केलेल्या उष्ण-शीत रंगसंगतीने भरणे, या उद्योगाला संकल्प हे नाव देणे म्हणजे त्या शब्दाची अवहेलना आहे.

माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. संकल्पचित्रात तिला कधी बरे गुण पडले नाहीत. रंग काठाबाहेर जात, पाकळ्या लहानमोठ्या होत. एकदा सकाळी काही कामानिमित्त तिच्या गल्लीतून जाताना ती दारापुढे रांगोळी घालताना मला दिसली, म्हणून मी थांबलो. सडा अजून ओला होता. तिने उंबऱ्याच्या मध्यापासून सुरुवात केली होती आणि अंगठा व बोट यांच्या चिमटीतून ठिपके सोडत होती. सात ओळी, सात ठिपके. आठ का नाहीत, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “आठ घेतले की मधला ठिपका मिळत नाही, सर. मग फूल बसत नाही.” डाव्या बाजूस पाण्याचे पिंप असल्याने तेथे जागा कमी होती, तिने त्या बाजूची वेल आखूड करून उजवीकडे, पायरीच्या अंगाला, तिचे एक टोक सोडले होते, आणि तरीही सारे सावरलेले दिसत होते. घरातून निघणाऱ्या माणसाचा पाय पडेल तेवढी वाट तिने मोकळी ठेवली होती. सममिती म्हणजे काय, ती कधी मोडावी, मोडली तर तोल कशाने सांभाळावा, रिकामी जागा हीसुद्धा रचनेचाच भाग कशी असते, हे सारे त्या मुलीला येत होते. शाळेत येताना ते तिला उंबऱ्यावर ठेवून यावे लागत होते, आणि त्याला कारण मी होतो. त्या दिवशी हे मला जितक्या स्पष्टपणे कळले तितके कोणत्याही प्रशिक्षणवर्गात कळले नव्हते.

त्यानंतर मी वर्तुळाचे आठ भाग करणे थांबवले आणि वर्गापुढे अडचणी ठेवू लागलो. शाळेतील पाण्याच्या टाकीजवळ मधल्या सुट्टीत चेंगराचेंगरी होते. तेथे पाटी लावायची आहे. ती पाचवीतल्या मुलाला, धावत असताना, वाचता आली पाहिजे. या एका पाटीवर सातवीचा वर्ग पाच आठवडे गुंतला. अक्षर केवढे असावे हे ठरवण्यासाठी मुले कागद भिंतीला लावून मागे मागे चालत गेली आणि पावले मोजू लागली. पांढऱ्यावर पिवळे अक्षर वहीत जेमतेम दिसते, उन्हात दिसतच नाही, हे त्यांनी उन्हात जाऊन पाहिले. अक्षरलेखनात प्रत्येक अक्षराला सारख्याच मापाची चौकट आखण्याची जी पद्धत आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो, तिच्यामुळे ‘र’ एकाकी पडतो आणि ‘क्ष’ गुदमरतो, हे मुलांच्या तेव्हा लक्षात आले. अक्षरांमधले अंतर पट्टीने मोजून साधत नाही, डोळ्याने तोलून साधावे लागते. मग मी बोरू आणले. तिरप्या छेदाचा बोरू शाईत बुडवून हात न फिरवता ओढला की रेघ आपोआप एका दिशेस जाड आणि दुसऱ्या दिशेस बारीक होते, आणि देवनागरी अक्षराला जो बांधा आहे तो कोण्या नक्षीकाराची लहर नसून लेखणीच्या टोकाचा परिणाम आहे, हे ज्या मुलाने स्वतःच्या हाताने अनुभवले, त्याला अक्षराचे सौंदर्य निराळे समजावून द्यावे लागत नाही. संगणकावर आज जे ‘मंगल’ अक्षर कोट्यवधी लोक वापरतात त्याची घडण करणारे र. कृ. जोशी हे सुलेखनकार होते, हे मी मुलांना मुद्दाम सांगत असे. यंत्रातील अक्षरामागेही हात असतो, हे त्यांना कळावे म्हणून.

गरीब देशाला हे परवडेल काय, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो घेणाऱ्यांना आपल्याच देशाचा इतिहास ठाऊक नसतो याचे मला दुःख होते. वर्ध्याच्या 1937 च्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने जी मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली, ती दारिद्र्याच्या पूर्ण जाणिवेने आखलेली होती. तरीही तिच्या अभ्यासक्रमात रेखाकलेला स्थान होते. शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद 1944 मध्ये सेवाग्रामला आले आणि अनेक वर्षे तेथील मुलांना त्यांनी चित्र, माती आणि रंग यांच्या साहाय्याने शिकवले. ज्या आश्रमात दिव्याच्या तेलाचाही हिशेब होता तेथे ही गोष्ट घडली. अर्थाचे दारिद्र्य आड आले नाही. आपल्याकडे आज आड येते ते निश्चयाचे दारिद्र्य. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शालेय शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर कलाविषयाची शिफारस केली. 2009 च्या शिक्षणहक्क अधिनियमाची अनुसूची मात्र उघडून पाहावी: सहावी ते आठवीच्या वर्गांत पटसंख्या 100 च्या वर असेल तर त्या शाळेस पूर्णवेळ मुख्याध्यापक मिळतो, आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, तसेच कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक मिळतो. शंभरच्या आतील शाळेला तोही नाही. म्हणजे डोंगरातील आणि पाड्यांवरील मुलांना नाही. कायद्यानेच ज्या विषयाला अंशकालीन ठरवले, त्याला मुख्याध्यापकाने पूर्णकालीन मानावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

जो शिक्षक नेमला जातो त्याचा वेळ तरी त्या विषयाचा असतो काय? फलकावर रोजचा सुविचार त्याने लिहावयाचा, प्रमाणपत्रांवरची नावे त्याने घालावयाची, स्नेहसंमेलनाचा पडदा त्याने रंगवावयाचा, पाहुण्यांच्या स्वागताची कमान त्याने उभारावयाची. शाळेच्या शोभेची ही कामे तो निमूटपणे करतो, कारण त्या कामांवाचून शाळेला त्याची आठवण होत नाही. आणि वेळापत्रकात आठवड्यातून एखाददुसरी जी पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका उरते, तिच्यातून पाणी आणणे, रंग कालवणे, कुंचले धुणे आणि बाके पुसणे वजा केले, तर पाहण्यासाठी पंधरा मिनिटेही उरत नाहीत. पंधरा मिनिटांत तांब्या दिसत नाही. म्हणून जोडतास मागावे लागतात, आणि मी ते मागत आलो. बहुतेक वेळा ते नामंजूर झाले, ज्या वर्षी मंजूर झाले त्या वर्षीच्या वह्या अजून माझ्यापाशी आहेत.

शासकीय रेखाकला परीक्षा बंद कराव्यात, असे माझे म्हणणे नाही. एलिमेंटरी आणि इंटरमीडिएट या दोन नावांनी खेड्यापाड्यांतील हजारो घरांत रंगपेटी नेली, ही त्यांची पुण्याई आहे, आणि शालान्त परीक्षेत मिळणाऱ्या वाढीव गुणांच्या आशेने का होईना, पालकांनी मुलाला ड्रॉइंगची वही घेऊन दिली हेही खरे. परंतु परीक्षा जे मागते तेच वर्गात पिकते, आणि म्हणूनच परीक्षेने काय मागावे याचा विचार कला संचालनालयाने नव्याने केला पाहिजे. वस्तुचित्राबरोबर, मांडणी कोणत्या कोनातून पाहिली हे दाखवणारे दोन लहान कच्चे आराखडे मागावेत. संकल्पचित्रात आकृती न देता अडचण द्यावी, आणि उमेदवाराने टाकून दिलेल्या कल्पनांनाही गुण असावेत. कारण काय टाकले यावरून निवड कळते. स्मरणचित्राचा विषय असा असावा की त्याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडू नये.

असा एक विषय मी आठवीला देऊन पाहिला होता: ‘एस. टी.ची वाट पाहताना मला दिसलेले.’ बहुतेकांनी लाल गाडी काढली, दारात लोंबकळणारी माणसे काढली. एका मुलाच्या कागदावर गाडी नव्हती. कागदाच्या वरच्या काठाशी धोतरांचे सोगे, साड्यांचे काठ आणि पोटऱ्या होत्या. त्यांच्या खाली चपला, एक पत्र्याची पेटी, गाठोड्याची गाठ, आणि या साऱ्यांच्या फटीतून दूरवर दिसणारे एक चाक. तो आजीजवळ फरशीवर बसला होता, असे त्याने विचारल्यावर सांगितले. पेटीचा कोन चुकलेला होता, चपलांची मापे चुकलेली होती. ती कशी सुधारावीत हे दाखवण्यासाठी मी त्याच्या शेजारी बसलो, आणि त्या दिवशी जोडतास असल्यामुळे आम्हांला घंटेची घाई नव्हती.